अर्धा ड्रम आणि केळीची हळद

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. खरे सांगायचे तर अर्धाच आहे. माझा उरलेला अर्धा भाग गोठ्यात असतो. त्यातून म्हैस पेंड खाते आणि पाणी पिते, म्हणून तो स्वतःला गव्हाण म्हणवून घेतो आणि माझ्याकडे जरा तोऱ्यातच बघतो. आम्ही दोघे एकाच दिवशी, एकाच करवतीने वेगळे झालो. भाऊ भाऊ वेगळे होतात तेव्हा भांडण होते म्हणतात. आमचे भांडण नाही, पण चिडवाचिडवी रोजची आहे.

माझा जन्म जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला. प्लास्टिकचे बारीक दाणे वितळवून, साच्यात हवा फुंकून मला फुगवले आणि मी गोल, गुबगुबीत, चकचकीत असा बाहेर आलो. माझी पहिली नोकरी लोणच्याच्या कारखान्यात होती. माझ्या पोटात कैरीच्या फोडी आणि मीठपाणी भरून, झाकण लावून मला कोपऱ्यात उभे केले. कितीतरी महिने मी ते मीठ पोटात घेऊन उभा होतो. त्यामुळे माझे बोलणे कुठे कुठे खारट लागले तर रागावू नका. तो माझ्या पहिल्या नोकरीचा गुण आहे.

पुढे कारखान्याने जुने ड्रम विकायला काढले आणि मी मुक्ताईनगरच्या बाजारात आलो. तिथे उखर्डू आबांनी मला वाजवून पाहिले, आत डोके घालून वास घेतला आणि घरी आणले. आबांची केळीची बाग आहे. घरात त्यांची बायको झुंबरबाई आणि मुलगा भूपेंद्र. मला आडवा कापावा असे आबांचे म्हणणे, तर उभा कापावा असे भूपेंद्रचे. बापलेकांचा वाद बराच वेळ चालला. मला मात्र कोणी विचारले नाही. शेवटी झुंबरबाई चुलीजवळून ओरडल्या, "उभाच काप रे, केयी लांब असते, माठावानी उभी नही राहत!" आमच्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो, म्हणून केळीची केयी. आणि मी उभा कापला गेलो.

कापलेली कड फार धारदार होती. कोणाचा हात कापू नये म्हणून झुंबरबाईंनी ठिबकची एक जुनी नळी घेतली, तिला उभी चीर दिली आणि माझ्या कडेवर सगळीकडून बसवली. साडीला काठ असतो तसा मला काळा काठ मिळाला. त्या दिवसापासून मी या घरचा झालो.

माझे काम होते केळी धुण्याचे. घड कापून आणला की त्याच्या फण्या सुट्या करतात. तेव्हा देठातून पांढरा चीक गळतो आणि तो सालीवर वाळला की डाग पडतो. म्हणून फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवून धुतात. ते पाणी माझ्या पोटात असे. हिरव्यागार फण्या माझ्यात डुंबत, बाया गप्पा मारत धुवत आणि मला सगळ्या गावाच्या बातम्या घरबसल्या कळत. दिवाळीच्या आधी माझ्यात गोधड्या भिजत, होळीला रंग कालवला जाई. कोणी पाहुणा आला की आबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "लोनच्याचा ड्रम व्हता. पाह्य, अजून तडा नही गेला." हे ऐकून मी आणखी टणक होत असे.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला बोलावले, ती सांगतो.

महाशिवरात्रीला मुक्ताईची यात्रा भरते. खूप माणसे येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना उपवास असतो. झुंबरबाईंच्या सासूबाईंनी एक रीत घातली होती. यात्रेच्या रस्त्यावर एक छोटा मांडव घालायचा आणि उपवासाच्या माणसाला आपल्या बागेतले केळ द्यायचे. विकायचे नाही, वाटायचे. सासूबाईंमागे झुंबरबाईंनी ती रीत एकदाही मोडली नाही. वर्षभर त्या कशाची वाट बघत असतील तर त्या दिवसाची. माणूस केळ सोलतो, पहिला घास घेतो आणि त्याच्या तोंडावर हसू येते, ते बघायला त्यांना फार आवडे.

मागच्या वर्षी बागेतले घड यात्रेच्या बरेच आधी तयार झाले. झाडावर ठेवावेत तर पिकून फुटतील, म्हणून भूपेंद्रने केळी तालुक्याच्या एका शीतगृहात ठेवली. तिथे नीलेश नावाचा तरुण नवीनच कामाला लागला होता. तो होता नाशिककडचा. त्याची सगळी हयात द्राक्षांत गेलेली. भूपेंद्रने त्याला फोन केला आणि बजावले, "भाऊ, काही झालं तरी केयीले चरका बसू देऊ नको."

मित्रांनो, इथेच सगळे बिघडले. आमच्याकडे चरका म्हणजे थंडीने केळीला होणारी इजा. केळ हे उबेत वाढलेले फळ आहे. फार गारठ्यात ते सापडले की त्याची साल काळपट, करडी पडते, त्यालाच आमचे लोक चरका म्हणतात. पण बाहेर चरका म्हणजे चटका, भाजल्याचा डाग. नीलेशला वाटले, केळीला उष्णतेचा त्रास होऊ नये असे यांचे म्हणणे आहे. बिचाऱ्याने मोठ्या काळजीने केळी उचलली आणि शीतगृहातल्या सगळ्यात गार खोलीत नेऊन ठेवली!

यात्रेच्या दिवशी मांडवात केळी आली ती करड्या रंगाची. आतला गर गोड होता, पण साल बघून कोण हात लावणार? लोक केळ हातात घेत, उलटसुलट बघत आणि हळूच परत ठेवत. भूपेंद्रचे लग्न तेव्हा नुकतेच झाले होते. त्याची बायको मयुरी धुळ्याकडची. ती मांडवात सासूच्या शेजारी उभी होती. तेवढ्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने दुसरीच्या कानात सांगितले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "नवी सून आली अन् केयी काय्या झाल्या, पाह्य."

मयुरीने ते ऐकले. झुंबरबाईंनीही ऐकले. घरी आल्यावर झुंबरबाईंनी मांडवाचे कापड घडी करून माळ्यावर टाकले आणि म्हणाल्या, "आता पुरे. माह्या मांडवात येऊन कोनी माह्या सुनेले बोल लावावा, असा मांडव मले घालाचाच नही."

दुसऱ्या दिवशी नीलेश स्वतः घरी आला. काय झाले ते कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "अहो आबा, भूपेंद्रभाऊ चरका म्हणाले म्हणून तर मी सगळ्यात गार खोली दिली!" आबांना आधी राग आला आणि मग इतके हसू आले की त्यांना ठसका लागला. झुंबरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला उचलून गोठ्यामागे पालथा घातला. माझ्या पाठीवर कोंबड्या येऊन बसू लागल्या. कोंबड्या बसल्यावर आणखी काय काय करतात ते मी सांगत नाही. गोठ्यातून भाऊ विचारी, "काय रे, बरा आहेस ना?" त्याच्या आवाजातली मजा मला कळत होती. मला फार वाईट वाटे. कोंबड्यांचे नाही, मांडवाचे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. गोधड्या नव्या वॉशिंग मशीनमध्ये धुतल्या गेल्या. मग थंडी पडली आणि याही वर्षी बाग लवकर तयार झाली. एका सकाळी कोणीतरी माझ्या पाठीवरच्या कोंबड्या हाकलल्या आणि मला सुलटे केले. ती मयुरी होती. तिने मला घासणीने घासघासून धुतले, माझा काळा काठ नीट बसवला आणि अंगणात आणून ठेवले. झुंबरबाई दारातून बघत होत्या.

"आई, यंदा मांडव घालायचा," मयुरी म्हणाली.

"नही म्हटलं ना मी."

"केळी काळी नाही पडली तर?"

झुंबरबाईंनी पदर खोचला. "नही पडली तर पाहू," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. आत गेल्यावर त्यांनी माळ्याकडे एकदा बघितले, ते मला अंगणातून दिसले.

मयुरी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली. तिने आधी नीलेशला फोन केला. केळीसाठी असते ती कमी गार खोली यंदा एका व्यापाऱ्याच्या मालाने भरून गेली होती. जागा होती ती मोसंबीच्या खोलीत. मोसंबीला चांगला गारवा लागतो आणि केळीला तो सोसत नाही. नीलेश म्हणाला, "वहिनी, मी खोली थोडी उबदार करतो, मोसंबी तेवढं चालवून घेईल. पण केळीला हवी तेवढी ऊब नाही देता येणार." म्हणजे केळीला थोडा गारठा सोसावाच लागणार होता. मग मयुरी धुळ्याला जाऊन आली आणि आपल्या सरांनी मोजून दिलेली पांढऱ्या पावडरची एक पुडी घेऊन आली.

"हे काय औषध का?" आबांनी विचारले.

"औषध नाही आबा. झाडाच्या अंगातच असतं हे. संप्रेरक म्हणतात. सॅलिसिलिक आम्ल."

"सोप्पं सांग."

मयुरी माझ्या काठावर हात टेकून सांगू लागली. मीही कान देऊन ऐकले. फळाचे अंग असंख्य छोट्या पेशींचे बनलेले असते आणि प्रत्येक पेशीला पातळ पापुद्रा असतो. फार थंडीत तो पापुद्रा ताठरतो, झिरपू लागतो आणि मग साल काळी पडते. झाडावर संकट आले की झाड स्वतःच्या अंगात काही पदार्थ तयार करून सगळ्या पेशींना निरोप धाडते, की सावध व्हा, तयारीला लागा. हा त्यांतलाच एक निरोप्या. नदीकाठच्या वाळुंज नावाच्या झाडाच्या सालीत तो भरपूर असतो. फळ गारठ्यात जाण्याआधी हाच निरोप त्याला थोडासा बाहेरून दिला, तर ते आधीच सावध होते आणि थंडी जास्त चांगली सोसते. थोडासाच द्यायचा. जास्त झाला तर उलटा त्रास.

झुंबरबाई दाराआडून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. "म्हंजे थंडीत धाडाच्या आधी केयीले आंघोय घालाची?"

"हो आई."

"पोरगी सासरी धाडाची त आधी हयद लावून न्हाऊ घालतात, तसं."

मयुरी हसली. "तसंच."

"मंग असं साधं सांग ना! पापुद्रे कायले सांगते?" असे म्हणून झुंबरबाई आत गेल्या आणि वाटीत हळद कालवून घेऊन आल्या. पाण्यात टाकायला निघाल्या तेव्हा मयुरीने त्यांचा हात धरला आणि पाण्याचे आणि पावडरचेच माप ठरलेले आहे असे समजावले. मग हळद घेऊन जायचे कुठे? झुंबरबाईंनी हळदीत बोट बुडवून माझ्या काठावर टेकवले. मित्रांनो, मी लोणच्याचा ड्रम होतो, धुण्याचा ड्रम होतो, कोंबड्यांची बैठक होतो. मला कोणी कधी हळद लावली नव्हती. त्या क्षणी मी गोठ्याकडे बघितले. भाऊ तोरा विसरून माझ्याकडेच बघत होता.

फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन झाल्या. मग मला पुन्हा स्वच्छ विसळले. मयुरीने हातमोजे घातले, पावडर आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवली आणि ते माझ्यातल्या पाण्यात मिसळले. फण्या माझ्यात बुडाल्या, थोडा वेळ राहिल्या, निथळल्या आणि पंख्याखाली खाटेवर वाळायला गेल्या. पण अर्ध्याच. उरलेल्या अर्ध्या तिने तशाच बाजूला ठेवल्या.

आबा चकित झाले. "अन् ह्या?"

"ह्या बिनआंघोळीच्या जातील. त्याच खोलीत, शेजारीशेजारी. तेव्हाच फरक कळेल ना? नाहीतर काळी नाही पडली तर लोक म्हणतील यंदा थंडीच कमी होती."

"अव्, म्हंजे अर्ध्या केयी मुद्दाम काय्या कराच्या?"

"आबा, प्रयोग असाच करतात."

आंघोळ झालेल्या फण्या ज्या कॅरेटमध्ये ठेवायच्या त्यांना मयुरीने लाल धागा बांधला, बाकीच्यांना नाही. हे चालू असताना शेजारचे जीवरामभाऊ कुंपणापाशी आले. जीवरामभाऊंना हसायला फार लागत नाही. "केयीले आंघोय घालून राह्यले का? पावडर बी लावा, काजय बी घाला!" असे म्हणून ते पोट धरून हसले. मग जाता जाता म्हणाले, "टेम्पो चाललाच आहे त माह्यं बी एक कॅरेट धाडजा. बिना आंघोयीचं!"

दुपारी मयुरी आणि भूपेंद्र टेम्पो ठरवायला गावात गेले. अंगणात आबा, झुंबरबाई आणि मी. झुंबरबाई त्या कोरड्या फण्यांकडे बघत बसल्या होत्या. एकदा उठल्या, पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, एका मांडवात दोन पोरी, एकीले हयद अन् दुसरी कोरडी? मले नही बघवत हे."

"तिनं सांगतलं ना, प्रयोग आहे म्हनून."

"प्रयोग अशीन. पन थंडीत दोघी चालल्या ना?"

आबांनी डोके खाजवले. अर्ध्या केळी मुद्दाम काळ्या करायला त्यांचाही जीव सकाळपासून धजत नव्हताच. ते उठले, फाटकापाशी जाऊन रस्त्यावर नजर ठेवून उभे राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "आटप लवकर."

आणि मित्रांनो, त्या बाईने हातमोजे चढवले आणि उरलेली अर्धी केळीही माझ्यात न्हाऊ घातली! माझ्या पोटातले पाणी तेच होते, पुरेसे होते. प्रत्येक फणी बुडवताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. फण्या पंख्याखाली वाळवल्या, आबांच्या जुन्या धोतराने टिपल्या आणि होत्या तशा परत ठेवल्या. मी सगळे बघत होतो. ड्रमला वाजता येते, पण घरच्यांशी बोलता येत नाही, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते. आणि खरे सांगू का? मला थोडी गंमतही वाटत होती.

मयुरी घाईघाईने परत आली. टेम्पो मागोमाग हॉर्न वाजवत होता. ती बिनधाग्याच्या फण्या कॅरेटमध्ये भरू लागली आणि थबकली. "आबा, या ओलसर कशा लागतात?"

आबा म्हणाले, "पंख्याले घाम आला अशीन."

मयुरीला हसू आले. टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला आणि तो विषय तिथेच राहिला. सगळी कॅरेट गेली. जीवरामभाऊंचे एकही त्यांच्यासोबत गेले.

त्यानंतरचे दिवस मोठे अवघड होते. सकाळी गवतावर दव पडे, माझ्या काठावरही पडे. झुंबरबाई शाल गुंडाळून चहा पिताना हमखास म्हणायच्या, "तिथं कशा अशीन त्या?" मयुरी नीलेशला फोन करी. तो म्हणे, "वहिनी, बाहेरून हिरवी दिसतात. पण खरं काय ते उबेत आल्यावर आणि पिकल्यावरच कळेल." मांडवाचे कापड अजून माळ्यावरच होते. यात्रा जवळ येत होती आणि कोणी त्याचे नाव काढत नव्हते.

मग केळी घरी आली. एका बंद खोलीत, गोणपाट झाकून ती पिकायला ठेवली. जीवरामभाऊंनी आपले कॅरेट आपल्या घरी नेले. यात्रेच्या आधीच्या दिवशी सकाळी सगळे अंगणात जमले. नीलेशही आला होता, त्याच्या जिवालाही घोर होताच. भूपेंद्रने लाल धाग्याचे पहिले कॅरेट आणून उघडले.

केळी पिवळी होती. छान, लख्ख पिवळी. झुंबरबाईंनी एक फणी दोन्ही हातांत उचलून घेतली आणि उन्हात धरली. एखादा करडा ठिपका असेल नसेल. आबा टाळी वाजवून म्हणाले, "वा रे माह्या पोरी!" नीलेशने सुटकेचा श्वास सोडला.

"थांबा," मयुरी म्हणाली. "आता दुसरं कॅरेट."

बिनधाग्याचे कॅरेट उघडले. तीही पिवळी. तशीच, तितकीच पिवळी.

सगळे नाचायचे बाकी राहिले होते आणि मयुरी मात्र मटकन खाटेवर बसली. ती एरवी आमच्याशी शाळेतल्यासारखी शुद्ध भाषा बोलते, पण तेव्हा तिच्या तोंडून माहेरची अहिराणीच बाहेर पडली, त्यात सगळ्याला 'बठ्ठं' म्हणतात. "बठ्ठं सारखंच शे. काहीच फरक नही. मनी मेहनत वाया गयी." तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आई, म्हणजे आंघोळीनं काही झालं नाही. यंदा थंडीच कमी असेल. पुढच्या वर्षी पुन्हा काळी पडतील आणि पुन्हा लोक..."  रांगेतल्या त्या म्हाताऱ्या बाईचे वाक्य सगळ्यांना आठवले.

आबांनी झुंबरबाईंकडे बघितले. झुंबरबाईंनी आबांकडे बघितले. मी तर ओरडायच्या बेतात होतो.

"पोरी," झुंबरबाई खाली मान घालून म्हणाल्या, "त्या बी न्हायल्या."

"काय?"

"त्या दुसऱ्या. तू गावात गेली ना, तव्हा म्या त्याह्यले बी न्हाऊ घातलं. कोरड्या धाडवल्या नही मले. हे बी व्हते संगं, फाटकावर पहारा देत."

आबा गंभीरपणे म्हणाले, "पंख्याले घाम नव्हता आला."

 मयुरी सासूकडे बघत राहिली. रागवावे की हसावे हे तिला ठरवता येईना. "आई, अहो, प्रयोग होता तो! आता कळणार कसं, आंघोळीनं वाचली की आपोआप?"

तेवढ्यात कुंपणापाशी जीवरामभाऊ आले. आज ते हसत नव्हते. त्यांच्या हातात एक फणी होती आणि ती मागच्या वर्षीच्या मांडवातल्या केळीसारखी करडी झाली होती. "नीलेशभाऊ," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "माह्या केयीले त चरका बसला रे!"

नीलेश म्हणाला, "खोली तीच, टेम्पो तोच. तुमचं कॅरेट यांच्या कॅरेटना अगदी खेटून होतं, मीच ठेवलं होतं."

मयुरी ताडकन उठली. तिने जीवरामभाऊंच्या हातातली करडी फणी घेतली, आपल्या पिवळ्या फणीशेजारी धरली आणि एवढी हसली की जीवरामभाऊ घाबरले. "जीवरामभाऊ, तुमची बिनआंघोळीची ना? माझा प्रयोग तुम्ही वाचवला!"

"म्या? म्या त काहीच नही केलं."

"तेच तर!"

जीवरामभाऊंना काही उमगले नाही, पण झुंबरबाईंनी त्यांच्या हातात चार पिवळ्या फण्या दिल्यावर त्यांचीही कळी खुलली. "मयुरीबाई," ते जरा ओशाळून म्हणाले, "पुढच्या साली माह्या केयीले बी न्हाऊ घालजा. काजयाचं म्या उगाच बोललो." झुंबरबाई आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर मांडवाचे कापड होते आणि केसांना माळ्यावरची जळमटे लागली होती.

महाशिवरात्रीला त्यांनी मलाही टेम्पोत घातले. मला वाटले, मानाने मांडवात नेऊन बसवणार आणि माझ्यात केळी रचणार. पण मांडवात गेल्यावर झुंबरबाईंनी मला कडेला ठेवले आणि लोकांना सांगितले, "साली याच्यात टाका हो, रस्त्यावर नका टाकू." मी आधी फार खट्टू झालो. हळद लावलेल्या ड्रमात साली! घरी भावाला काय तोंड दाखवू?

मग पहिली साल माझ्यात पडली आणि माझी खंत तिथेच संपली. कारण मित्रांनो, चरका दिसतो तो सालीवरच. यात्रेतल्या त्या गर्दीत प्रत्येक केळाची साल शेवटी माझ्याच पोटात येत होती. पिवळी. पिवळी. आणखी पिवळी. कोणी केळ उलटसुलट करून परत ठेवले नाही. दुपारी मागच्या वर्षीची ती म्हातारी बाईही रांगेत आली. तिने केळ सोलले, खाल्ले, साल माझ्यात टाकली आणि म्हणाली, "यंदा केयी चांगल्या आहेत हो, झुंबरबाई."

"माह्या सुनेनं हयद लावली त्याह्यले," झुंबरबाई मोठ्याने म्हणाल्या. पुढच्या मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. मयुरी केळी वाटत होती. तिने वर बघितले नाही, पण तिचे हात क्षणभर थांबले होते.

संध्याकाळी मी काठोकाठ भरून घरी आलो. आबांनी मला गोठ्यात नेले आणि त्या सगळ्या साली माझ्या अर्ध्या भावाच्या पोटात ओतल्या. म्हैस मिटक्या मारत खाऊ लागली. भाऊ म्हणाला, "वास छान आहे रे." त्याने माझे कौतुक केल्याची ही पहिली वेळ.

मित्रांनो, मी काही शिकलेला नाही, मीठपाण्यात वाढलेला अर्धा ड्रम आहे. पण एवढे तुम्हाला सांगावेसे वाटते. कोणालाही गारठ्यात धाडायचे असेल, फळ असो की माणूस, तर त्याची तयारी आधी करून द्या. काळे पडल्यावर दोष देऊ नका. परगावचा माणूस आपला शब्द ऐकतो तेव्हा त्याला काय समजले ते एकदा विचारून घ्या. आणि केळ खाल्ले की साल रस्त्यावर टाकू नका, माझ्यासारखा कोणीतरी कडेला वाट बघत असतो.

माझ्या काठावरचे हळदीचे बोट आता फिकट झाले आहे. परवा मला घासताना मयुरीचा हात तिथे गेला, तेव्हा झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "तेव्हढं राहू दे व माय." मयुरीने ते राहू दिले. तुम्ही कधी आमच्या अंगणात आलात आणि मला हात लावलात, तर तुम्हीही ते राहू द्या.